बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च: तयारी कधी आणि कशी करावी

बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि त्याच रात्री घरात आकडेमोड सुरू होते. खरं तर ती मूल पहिलीत असतानाच व्हायला हवी.

आधी आकडा काढा. ओळखीत कोणी शिकत असेल तर त्याच्या आईवडिलांना वर्षाचा सगळा खर्च विचारा. फी सगळेच सांगतात. खोलीचं भाडं, मेस, लॅपटॉप, सणाला घरी येण्याजाण्याचं तिकीट राहून जातं. समजा, चार वर्षांना आज 8 लाख लागतात आणि मूल पाच वर्षांचं आहे. खर्च दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढला, तर तेरा वर्षांनी तेच 22 लाखांच्या आसपास जातं.

मग बचत. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडा. वर्षाला 250 रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात आणि ती अठराची झाली किंवा दहावी पास झाली, की शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते. मुलासाठी पीपीएफ, म्हणजे पोस्टात किंवा बँकेत उघडायचं भविष्य निर्वाह निधीचं खातं; मुदत 15 वर्षांची, म्हणून उशीर नको.

दाखल्यांकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण घरं अडकतात ती इथेच. दहावी होताच तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल (राज्यात रहिवास असल्याचा दाखला) आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर (मागास गटातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला) यांच्या मागे लागा. आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा. माझ्या भाचीच्या वेळी तो राहिला आणि ऐन प्रवेशाच्या आठवड्यात आम्ही रोज जिल्ह्याच्या गावी खेटे घातले.

एवढं कशासाठी? कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर खुल्या गटातल्या मुलालाही राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळू शकते. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा फीची पूर्ण सवलत आहे. प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि बँक खातं आधारला जोडलेलं हवं. पैसे यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या वर्षाची रक्कम हाताशी ठेवाच.

उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज. शिक्षण चालू असतानाही व्याज चढत असतं; जमेल तसं ते भरत राहा. आणि सही करण्याआधी पुढे महिन्याला हप्ता किती येईल, हे मुलालाच काढायला सांगा.