कौलं परतायला (काढून पुन्हा नीट बसवायला) नवखा गडी आला तर

नवखा माणूस छपरावर चढला की गळकं कौल एक बदलतो आणि चार चांगली फोडतो. शिवाय नेमकं कुठलं बदलायचं, हे त्याला वरून दिसत नाही. म्हणून खुणा खालून करून ठेवा.

१. भर दुपारी दिवे बंद करून वर बघा. कवडसा दिसेल त्या फटीतून खराट्याचा हीर वर सरकवा. वरच्याला टोक दिसतं. पाणी वाशावरून, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडावरून, ओघळत खाली येतं, त्यामुळे थेंब पडतो त्याच्या वरच्या बाजूला शोधा.

२. जुन्या कौलाच्या पाठीवरचा छाप बघून त्याच छापाची कौलं आणा, दोन-चार जास्तच. वेगळ्या कारखान्याच्या कौलांच्या खाचा सहसा बसत नाहीत.

३. पाय कौलाखाली रीप (कौलं टेकतात ती आडवी पट्टी) असेल तिथेच, कौलाच्या पोटावर नाही. नाहीतर आडवी फळी टाकायला सांगा.

४. तडा गेलेल्या कौलावर सिमेंट थापू देऊ नका. उन्हात ते सुटतं, आणि पुढच्या वेळी शेजारचं कौलही निघत नाही.

५. काम झालं की वळचणीकडून (छपराच्या खालच्या कडेकडून) सुरुवात करून आढ्यापर्यंत (वरच्या टोकापर्यंत) पाइपने पाणी सोडा आणि गळतं का बघा. उरलेले पैसे त्यानंतरच.

शेवाळलेल्या ओल्या कौलांवर मात्र कुणालाच चढवू नका.