बी फायनलनंतर: नाशिकच्या एका रोवरचा हिशेब

गेल्या राष्ट्रीय रोइंग (वल्ह्यांनी बोट चालवण्याच्या) स्पर्धेत लाइटवेट सिंगल स्कलमध्ये, म्हणजे वजनाची मर्यादा असलेल्या गटात एकटीने दोन वल्ह्यांनी मारायच्या शर्यतीत, मी अकरावी आले. ए फायनल पहिल्या सहा जणींची, बी फायनल त्यापुढच्या सहा जणींची. त्या दुसऱ्या सहांत मी शेवटून दुसरी. तयारी पदकाची होती, त्यामुळे हा निकाल वाईटच. घरी आल्यावर कॉलनीतल्या दोन मुली विचारत आल्या, "ताई, आम्ही रोइंग सुरू करायचं म्हणतोय, पण तूच सोडतेयस का?" सोडत नाहीये. पण पुढचं ठरवताना ज्या गोष्टी बघितल्या, त्या नवीन येणाऱ्यांना आधीच कळलेल्या बऱ्या.

निकालाच्या कागदावर क्रमांक सगळ्यात शेवटी बघायचा. आधी दर ५०० मीटरची वेळ. माझी २००० मीटरची शर्यत ८ मिनिटं २० सेकंदांत संपली. पहिले ५०० मीटर १:५८, दुसरे २:०४, तिसरे २:११, शेवटचे २:०७. तिसरा टप्पा सगळ्यांनाच जड जातो. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो, शेवट अजून लांब असतो. पण सात सेकंद जाणं म्हणजे पाय रिकामे झाले. पहिलाच टप्पा मंद असता तर स्टार्टवर काम करावं लागलं असतं. चारही टप्पे सारखेच आणि मंद असते तर दमसास कमी, म्हणजे कित्येक महिने १८-२०च्या स्ट्रोक रेटने (मिनिटाला वल्ह्याचे तेवढे फटके) लांब पल्ले मारत बसणं. माझं दुखणं तिसरंच होतं: वजन.

महिलांच्या लाइटवेट सिंगलमध्ये वजन ५९ किलोच्या वर चालत नाही. शर्यतीआधी दोन तास ते एक तास या वेळेत काट्यावर उभं राहावं लागतं. माझं शरीर नीट जेवलं की ६२-६३ वर स्थिरावतं. स्पर्धेच्या आठवड्यात भाकरी अर्धी, मीठ बंद, पाणी मोजून. काट्यावर ५८.९ दिसलं की सगळे खूश. मग तासाभरात केळी, ग्लुकोज पोटात ढकला. तोंडाला चव येते, मांड्यांना ताकद येत नाही. रोइंग हातांचा खेळ वाटतो, पण जोर पायांचा असतो. सीट सरकते ती त्यासाठीच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कुणी "तू लाइटवेटच कर" म्हणून जेवण कमी करायला लावत असेल, तर त्या माणसाचं ऐकू नका. हे माझं ठाम मत आहे.

त्यात लाइटवेटचं भवितव्यही बदललंय. १९९६च्या अटलांटापासून ऑलिंपिकमध्ये असलेला हा वर्ग २०२४च्या पॅरिसबरोबर संपला. २०२८ला लॉस एंजलिसमध्ये त्याच्या जागी कोस्टल रोइंगची बीच स्प्रिंट येतेय: वाळूवरून पळत जाऊन बोटीत बसायचं, बोयांना वळसे घालत समुद्रात २५० मीटर जायचं, वळून सरळ परत यायचं आणि पुन्हा पळायचं. तिथली नेहमीची शर्यतही २००० ऐवजी १५०० मीटरची असेल. मला बीच स्प्रिंट फार आवडली, खरं सांगते. पण नाशिकहून लाटांवर सराव करायला जायचं कुठे आणि ती रुंद बोट आणायची कुठून? तो विचार बाजूला ठेवलाय. पुढच्या हंगामात मी ओपन गटात (जिथे वजनाची मर्यादा नसते), डबल स्कलमध्ये, म्हणजे दोघींच्या बोटीत उतरणार. जोडीदार माझ्यापेक्षा उंच आणि वजनदार आहे. ती लय ठरवणाऱ्या स्ट्रोक सीटवर, मी तिच्या पाठीमागे बोवर, बोटीच्या टोकाकडच्या सीटवर. दोघींची लय जमायला हिवाळा जाईल.

एका बोटीतला निकाल म्हणजे तुमचं सगळं रोइंग नव्हे, हे आपल्याच जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळ यांच्याकडे बघून पटतं. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्यांचं दुष्काळी गाव. सैन्यात गेल्यावर पुण्यात वल्हं हातात आलं आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये तेरावा क्रमांक. २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला ते सिंगलच्या फायनलमध्ये सहावे, म्हणजे शेवटचे आले. शर्यतीत पार गळून गेले होते. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत क्वाड्रपल स्कलमध्ये, म्हणजे चौघांच्या बोटीत, सुवर्ण. अर्थात आम्हाला असा दुसरा दिवस मिळत नाही, आम्हाला पुढचं वर्ष मिळतं.

आता पोटापाण्याचं. अकराव्या क्रमांकावर नोकरी मिळत नाही. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण सहभागाचं प्रमाणपत्र आणि पदकाचं प्रमाणपत्र यांची किंमत वेगवेगळी. कुठल्या पदाला काय चालतं ते शासन निर्णयात बघा, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून वेळेत करून घ्या. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करणारे खूप पाहिलेत. मी डिप्लोमा पूर्ण केला होता, म्हणून अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात जनरल शिफ्ट करते. पगारातून अंडी-दूध आणि प्रवास सुटतो. पुढे पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स करायचा आहे. शिक्षण सोडून पूर्णवेळ खेळा असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. घरात दुसरी मिळकत असेल तर गोष्ट वेगळी.

नाशिकमध्ये सराव म्हणजे गोदावरीच्या मर्जीने वागणं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली, की बोटी रॅकवर आणि आम्ही अर्गोवर, म्हणजे जमिनीवरच्या रोइंगच्या यंत्रावर. अर्गो कुणालाच आवडत नाही, तरी निवड चाचणीत २००० मीटरचा आकडा त्यावरच मागतात. उन्हाळ्यात पाणवेली वल्ह्याला गुंडाळतात. डिसेंबरात पहाटे बोटं वळत नाहीत, पण पाणी काचेसारखं सपाट असतं आणि वर्षातला सगळ्यात चांगला सराव तेव्हाच होतो. सुरुवात करायची तर दिवाळीनंतर करा.

यायच्या आधी पोहायला शिका, निदान कपड्यांसकट पाण्यावर तरंगता यायला हवं. सिंगल बोट जेमतेम १४ किलोची आणि खांद्यांपेक्षा अरुंद. पहिल्या महिन्यात ती उलटणारच. स्वतःची बोट घ्यायचा विचारही करू नका, नवी बोट लाखांत जाते. क्लबच्या जुन्या बोटीवर दोन वर्षं आरामात निघतात. अंगाबरोबर बसणारी शॉर्ट्स घाला, ढगळ कपडा सीटच्या चाकात अडकतो. हाताला फोड येतील, ते फोडू नका, टेप लावा. ग्लोव्हज आणू नका, वल्ह्याची पकड कळत नाही. आणि घरच्यांना एकदा सकाळी नदीवर घेऊन या. परवानगीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.