नूतनीकरणानंतर शिवणाचा कोपरा लावताना

घराचं काम संपलं की शिलाई मशीन लगेच उघडून ठेवायचा मोह होतो. थोडं थांबा. प्लॅस्टर आणि लाकूड घासल्याची बारीक धूळ पहिली सफाई झाल्यावरही हवेतून खाली बसत राहते. ती तेलावर चिकटते आणि बॉबिनखालच्या भागात, कापड सरकवणाऱ्या दात्यांत किटण होऊन बसते. म्हणून आधी खोली दोनदा ओल्या फडक्याने पुसा, आणि मशीन तोवर झाकलेलंच राहू द्या. कापडांचे गठ्ठे तर सगळ्यात शेवटी उघडा. ताजं प्लॅस्टर बरेच दिवस ओल सोडतं, त्यामुळे कापडाचं कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.

टेबल कायमचं ठोकून घेण्याची घाई तर अजिबात नको! आधी तात्पुरतं मांडून काही कपडे शिवून बघा. बसून शिवायला साधारण ७२ ते ७५ सेंटिमीटर उंची बऱ्याच जणांना चालते, पण उभं राहून कापड बेतायला ९० च्या आसपास लागते, नाहीतर कंबर बोलते. एकाच टेबलावर दोन्ही कामं करायची असतील तर बेतण्यासाठी पायांखाली ठोकळे द्या.

उजव्या हाताने काम करत असाल तर दिवा डावीकडे हवा, म्हणजे हाताची सावली शिवणीवर पडत नाही. इस्त्रीला मात्र भिंतीतला स्वतंत्र प्लगच द्या. मशीनच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तिला लावू नका.