खान्देशात सरकारी खर्चानं काम शिकायचंय? कागदांपासून पहिल्या कमाईपर्यंत काय करावं

चौकशीला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "पैसे किती भेटतीन?" प्रश्न चुकीचा नाही. रोजंदारी बुडवून महिनाभर शिकायला जायचं तर घरची चूल कशी पेटणार, हे विचारावंच लागतं. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. बहुतेक योजनांत प्रशिक्षणाचं अनुदान तुमच्या हातात पडत नाही, ते केंद्राला जातं. तुम्हाला शिकवणी फुकट मिळते, आणि निवासी योजनेत राहणं-जेवणही. रोख रक्कम मोजक्याच ठिकाणी आहे. म्हणून "पैसे कुठे जास्त" यापेक्षा "माझ्या कामाचं काय" हे बघून योजना निवडा.

आधी वाट ठरवा

पगाराची नोकरी हवी असेल आणि घर गरीब, ग्रामीण असेल तर दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना बघा. ही २०१४ पासून आहे, वयाची अट १५ ते ३५, महिला आणि दिव्यांगांना ४५ पर्यंत सवलत. दारिद्र्यरेषेखालचं किंवा अंत्योदयाचं कार्ड चालतं. घरातल्या कुणी आधीच्या आर्थिक वर्षात रोजगार हमीवर किमान १५ दिवस काम केलं असेल किंवा घरातली बाई बचत गटात असेल, तरी पात्रता मिळते. हे शेवटचं अनेकांना ठाऊकच नसतं. पिवळं कार्ड नाही म्हणून घरी बसलेली पोरं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याच आया गटाच्या अध्यक्ष होत्या! चौकशी पंचायत समितीतल्या 'उमेद'च्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाच्या, माणसांकडे करा.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. ती जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या आधारानं चालते. शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन, ब्युटी पार्लर असे अभ्यासक्रम साधारण १० ते ४५ दिवसांचे असतात, राहणं-जेवण मोफत. मजुरीवर जगणाऱ्या घराला ही मुदत झेपते, म्हणून सालदारी करणाऱ्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच दार दाखवतो.

हातात पिढीजात कसब असेल तर पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, न्हावी, शिंपी, चांभार, टोपल्या-झाडू विणणारे असे १८ व्यवसाय आहेत. इथे रोख मिळते: मूलभूत प्रशिक्षणाचे ५ ते ७ दिवस, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि पुढे ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. घरातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सीएससी, म्हणजे ऑनलाइन सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रात अंगठा देऊन होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतून. अर्ज भरला की सरपंच-ग्रामसेवकांना भेटून या, नाहीतर तो तिथेच पडून राहतो.

आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारी सोडू नये. भुसावळची रेल्वे, एसटीच्या कार्यशाळा, महावितरण असे उमेदवार घेतात. रेल्वेत निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते. बारावी किंवा पदवी होऊन रिकामे बसलेल्यांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. वय १८ ते ३५, बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये महिना. मुदत आधी ६ महिने होती, पुढे ११ झाली. ती कायम नोकरी नाही, हे घरच्यांनाही स्पष्ट सांगा. सध्या कुठे जागा आहेत हे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात कळेल.

आदिवासी कुटुंबांनी यासोबत आपल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही जाऊन यावं: नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल, जे जवळ असेल ते.

कागद

आधार, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर जातीचा दाखला आणि रहिवासी दाखला, बँक पासबुक, फोटो. यादी सोपी दिसते, पण अर्ज इथेच मरतात.

गेल्या वर्षी एका मुलाचे कागद मी टेबलावर मांडले. आधारवर वडिलांचं नाव 'भिका', दाखल्यावर 'भिकन', रेशनकार्डावर 'भिकाजी'. माणूस एकच. संगणकाला मात्र ते तिघे वाटले आणि अर्ज परत आला. तोवर बॅच भरून गेली. तुम्ही आजच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, जन्मतारीख एकेक अक्षर जुळवा. फरक निघाला तर आधार शाळेच्या दाखल्याप्रमाणे करून घ्या, कारण शाळा सोडून वर्षं झाली की दाखल्यातली दुरुस्ती फार अवघड जाते. उत्पन्नाचा दाखला आपले सरकार केंद्रातून काढा. तो किती दिवसांत मिळायला हवा हे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं ठरवून दिलेलं आहे, पावती जपून ठेवा.

खात्याचं एक दुखणं वेगळं सांगतो. आधार खात्याला 'लिंक' असणं आणि सरकारी पैसे थेट त्या खात्यात येण्यासाठी (यालाच डीबीटी म्हणतात) 'सीडिंग' झालेलं असणं, या दोन गोष्टी आहेत. पैसे शेवटच्या सीडिंग झालेल्या बँकेत जातात. एका बाईचं विद्यावेतन तीन महिने 'आलंच नाही', शेवटी ते एका जुन्या खात्यात सापडलं, जे सिमकार्ड घेताना उघडलं गेलं होतं आणि तिला माहीतही नव्हतं. बँकेत जाऊन स्पष्ट विचारा, "माझं आधार डीबीटीसाठी कुठल्या बँकेला सीड आहे?"

कधी जायचं

हे कुठल्याच पत्रकात नसतं. कापूस वेचणीच्या दिवसांत नाव नोंदवलं की पंधराव्या दिवशी पोरगं परत येतं, कारण घरी हात कमी पडतात. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी परतल्यावरचे दिवस बरे. केळीपट्ट्यात कापणीच्या टोळीत असाल तर मुकादमाशी आधी बोलून घ्या. मधेच सोडलं तर जागा जाते आणि पुढच्या वेळी त्याच योजनेत नाव घालणं कठीण होतं.

केंद्र बघून या

नाव नोंदवण्याआधी एकदा जाऊन या, शक्य असेल तर आईला किंवा बहिणीला घेऊन. यंत्रं चालू आहेत का, हाताला मिळतात का, ते बघा. वसतिगृहात मुलींसाठी वेगळी सोय आणि महिला अधीक्षक आहे का, विचारा. मागच्या बॅचची पोरं कुठे लागली, पगार किती, याचं उत्तर "खूप ठिकाणी" असं आलं तर सावध व्हा. त्यांच्यापैकी दोघांशी फोनवर बोलायला मागा. नोकरी पुण्याला किंवा सुरतेला असेल, तर भाडं-जेवण वजा जाऊन हातात काय उरतं, हा हिशेब घरीच वहीत मांडून बघा.

आणि नोंदणीसाठी, 'सीट पक्की' करायला किंवा प्रमाणपत्रासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ही प्रशिक्षणं मोफत आहेत. झेरॉक्स आणि सेवा केंद्राच्या ठरलेल्या शुल्काची पावती मागा.

शिकून झाल्यावर

शेवटची परीक्षा चुकवू नका. हजेरी पूर्ण असूनही परीक्षेच्या दिवशी लग्नाला गेलेल्या पोरांची प्रमाणपत्रं अडकली आहेत. आरसेटी प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करते आणि बँकेकडे कर्जाची फाईल पाठवायला मदत करते, तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांचा नंबर आपणहून घ्या. नवा, जरा मोठा धंदा उभारायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांगांना ३५ टक्के अनुदान आहे. पण आधीच विश्वकर्माचं कर्ज घेतलं असेल किंवा घ्यायचं असेल तर अर्जाआधी बँकेत दोन्हींच्या अटी विचारून घ्या, कारण विश्वकर्माच्या नियमात मागच्या पाच वर्षांत अशा सरकारी योजनेतून कर्ज घेतलेल्याला बाहेर ठेवलं आहे. कर्जाला जाताना मशीनचं कोटेशन, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि जागेचा भाडेकरार किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा (घराच्या नोंदीचा) उतारा सोबत असू द्या. एक कागद कमी म्हणून परत पाठवलं तर कुठला कागद, ते तिथेच लिहून मागा.