रॅम वाढवायची असेल, तर आधी मदरबोर्डचे पूर्ण नाव लिहून घ्यावे

डेस्कटॉपसाठी रॅम आणायला बाहेर पडण्यापूर्वी, किंवा ती घरबसल्या मागवण्यापूर्वी, मदरबोर्डचे पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट कागदावर लिहून घ्यावे. आपल्याला प्रोसेसरचे नाव तोंडपाठ असते, दुकानातही बहुधा तेच विचारले जाते, आणि तेवढ्यावर खरेदी उरकते. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिले: ‘बाराव्या पिढीचा आय-फाइव्ह’ एवढ्या माहितीवर डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅम घरी आली आणि बोर्ड त्याआधीच्या डीडीआर४चा निघाला. इंटेलचे बाराव्या पिढीपासून चौदाव्या पिढीपर्यंतचे डेस्कटॉप प्रोसेसर दोन्ही प्रकारची रॅम चालवू शकतात. प्रत्यक्षात कोणती चालेल हे बोर्डावरचे स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायच्या जागा, ठरवतात, आणि जवळजवळ प्रत्येक बोर्डावर ते एकाच प्रकारचे असतात. ‘एच६१०’ किंवा ‘बी६६०’ एवढेही सांगून भागत नाही, कारण ती चिपसेटची, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपची, नावे झाली. एकाच चिपसेटच्या दोन बोर्डांच्या नावांत कित्येकदा ‘डी४’ (म्हणजे डीडीआर४) एवढाच फरक असतो आणि सगळा प्रश्न त्या ‘डी४’मध्येच असतो. २०१५ साली आलेल्या सहाव्या पिढीच्या बोर्डांतही डीडीआर३ आणि डीडीआर४ अशी फाटाफूट होतीच, म्हणून जुन्या यंत्राच्या मालकांनीही हे पाऊल गाळू नये. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या एएम४ सॉकेटला (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेला) डीडीआर४ आणि एएम५ला डीडीआर५ लागते, एवढे तिकडे सरळ आहे. तरीही पुढच्या कामांसाठी बोर्डाचे नाव लागतेच.

नाव शोधायला पाच मिनिटेही लागत नाहीत. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडले की ‘बेसबोर्ड’च्या ओळींत निर्माता आणि मॉडेल दिसते, सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमच्या ‘मेनबोर्ड’ पानावरही ते मिळते. तिथे अर्धवट किंवा निरर्थक मजकूर आला, तर कॅबिनेटची बाजू उघडून बोर्डावर छापलेले नाव वाचावे आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. तयार ब्रँडेड संगणक असल्यास कॅबिनेटच्या मागचा मॉडेल क्रमांक किंवा सर्व्हिस टॅग घ्यावा. सध्याच्या रॅमचा प्रकार सीपीयू-झेडच्या ‘मेमरी’ पानावर दिसतो, त्यामुळे बोर्डाचे नाव कशाला, असे काहींना वाटेल. प्रकार कळला तरी एका स्लॉटला किती जीबी चालते, एकूण मर्यादा किती आणि कोणता स्लॉट आधी भरायचा, हे केवळ त्या बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये असते, आणि नावाशिवाय मॅन्युअल मिळत नाही. एच६१ चिपसेटच्या दोन स्लॉटांच्या जुन्या बोर्डावर १६ जीबीच्या पुढे जाता येत नाही. एकेक १६ जीबीच्या दोन पट्ट्या आणणाऱ्याचे पैसे वाया जातात.

रॅम खरोखर कमी पडते आहे का, हेही आधी पाहावे. रोजचे सगळे प्रोग्रॅम उघडून टास्क मॅनेजरमधील ‘मेमरी’ पाहावी. तिथेच वेग आणि किती स्लॉट भरले आहेत हेही कळते. अर्धी रॅम रिकामी असताना यंत्र संथ असेल आणि आत अजून जुनी हार्ड डिस्क फिरत असेल, तर तोच पैसा एसएसडीवर खर्च करणे शहाणपणाचे. ३२-बिट विंडोज असेल, तर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरातच येत नाही.

खरेदीच्या वेळी शक्यतो एकाच पाकिटातली जोडी घ्यावी. जुन्या पट्टीशेजारी नवी लावता येते, पण दोन्ही त्यांतल्या कमी वेगाच्या पट्टीच्या चालीने चालतात, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या कधीकधी जुळत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सर्व्हरमधून काढलेली स्वस्त रॅम मिळते. ती बहुधा ‘रजिस्टर्ड’ प्रकारची असते आणि घरगुती बोर्डावर चालत नाही, मग किंमत कितीही मोहात पाडणारी असो. लहान आकाराच्या मिनी पीसीला लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. प्रोसेसर थंड ठेवणारा मोठा एअर कूलर असेल, तर त्याखाली उंच हीटसिंकची (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या आवरणाची) रॅम मावेलच असे नाही, म्हणून तिथली उंची मोजावी. आणि पैसे देण्यापूर्वी तो कागद काढून बोर्डाचे नाव पुन्हा एकदा मोठ्याने वाचावे. शक्य असल्यास ते बिलावरही लिहून घ्यावे. विक्रेता ‘हीच चालते सगळ्यांना’ म्हणाला, तरी कागदावरचे नावच प्रमाण मानावे, कारण फोडलेले पाकीट परत घ्यायला पुष्कळ दुकानदार तयार नसतात.

हा आग्रह केवळ पैशांसाठी नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, लांबीही सारखीच असते, त्यामुळे हातात घेतल्यावर फरक चटकन जाणवत नाही. पिनांच्या रांगेतल्या खाचेची जागा मात्र वेगळी असते. वीज नियंत्रित करणारा भाग डीडीआर५मध्ये बोर्डावरून पट्टीवर आला आहे, म्हणून एकीच्या जागी दुसरी चालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘थोडी घट्ट आहे’ असे समजून जोर लावला, तर स्लॉट तुटतो आणि मग रॅमबरोबर मदरबोर्डही बदलावा लागतो. खाच जुळत नसेल, तर दाबू नये. थांबून नाव पुन्हा ताडून पाहावे.

कॅबिनेट उघडण्याच्या आदल्या दिवशी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्यावा, कारण सदोष रॅम फायली बिघडवू शकते. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असल्यास रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवावी. बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, अपडेट केल्यावर ती विचारली जाऊ शकते. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केले म्हणजे विंडोज पूर्णपणे बंद होते. त्यानंतर केवळ बटण बंद करून थांबू नये, वायर भिंतीतून काढावी, कारण पुरवठा जोडलेला असेपर्यंत यंत्र बंद असूनही बोर्डाला थोडी वीज मिळत राहते. वायर काढल्यावर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. स्थिर विजेसाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हे जास्त जपावे. गालिच्यावर बसून काम करू नये. धूळ ब्रशने झटकावी, आणि सोनेरी पिना मळल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. खोडरबराने घासू नये, त्याचा कीस स्लॉटमध्ये पडतो.

चार स्लॉट असून पट्ट्या दोनच असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात. आपल्या बोर्डाचे खरे उत्तर मॅन्युअलमध्ये असते, म्हणजे पुन्हा नावापाशीच यावे लागते. पट्टी दोन्ही टोकांनी सारखी दाबावी आणि खटका लागल्याची खात्री करावी. काही बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो. चालू केल्यावर डीडीआर५ असेल, तर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, तेवढ्यात घाईने वीज तोडू नये. मग बायॉसमध्ये पूर्ण जीबी दिसतात का ते पाहावे आणि एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावे, नाहीतर महागडी रॅम कमी वेगाने चालत राहते. त्यानंतर रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावावा. एकही चूक दिसली, तर एकेक पट्टी वेगळी तपासून सदोष पट्टी बदलून घ्यावी. तोपर्यंत बिल, पाकीट आणि जुनी रॅम जपून ठेवावी.