घसा आवळून काढलेला आवाज

डबिंगमध्ये यायचं म्हणणाऱ्या नाशिकच्या मुली आधी एकच विचारतात, मुंबईला राहायला जावं लागेल का? सुरुवातीला तरी नको. मी सिडकोतून पहाटे निघून पंचवटी एक्स्प्रेसने जा-ये केली. ऑडिशन्स कपाटाच्या दारावर गोधडी टांगून घरीच रेकॉर्ड केल्या. ते सगळं निभतं. माझे आठ महिने गेले ते दुसऱ्याच गोष्टीपायी.

पहिलं मोठं काम होतं सहा वर्षांच्या मुलाचं. कार्टूनमधली पोरं आणि पोरांसारखी पात्रं बरेचदा बायकाच बोलतात. हिंदीतला डोरेमॉन सोनल कौशलचा, निंजा हथोडी मेघना एरंडेचा. ऑडिशनला मी घसा आवळून वरच्या पट्टीत आवाज लावला. दोन मिनिटांची क्लिप, निवड झाली. पण प्रत्यक्षात हेडफोनमध्ये मूळ आवाज, समोर चित्र, त्याचे ओठ मिटले की आपला प-ब-म तिथेच पडला पाहिजे, आणि हे तीन-तीन तास. तिसऱ्या भागाला आवाज फाटला. परतीच्या गाडीत आईला फोनवर ‘कसारा आला’ सांगायला गेले, तर मधला ‘सा’ उमटलाच नाही. काम दुसरीला गेलं.

स्वरतंतूंवर समोरासमोर दोन गाठी होत्या, हाताला घट्टे पडतात तशा. बाई बोलते तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, लहान मुलाच्या आवाजात ३०० च्या आसपास. त्यात घसा आवळला की प्रत्येक आपट जोराची. मध, ज्येष्ठमध यांच्या भरवशावर राहू नका. गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागतच नाही. वाफ पोचते. आणि कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, मी महिनाभर तेच करत बसले होते!

मुलाचा आवाज तोंडात घडवायचा. जीभ पुढे, ओठ हसल्यासारखे ताणलेले, पट्टी थोडीच वर, घसा मोकळा. बाकीचं पोरपण श्वासात असतं, वाक्याच्या मध्येच दम घेण्यात. त्या आवाजात ४० मिनिटं पेपर मोठ्याने वाचा. मग आपल्या आवाजात एक ओळ गा. वरचा सूर लागण्याऐवजी नुसती हवा निघाली, तर तो आवाज ऑडिशनला देऊ नका. काम सुटलं तरी चालेल.

व्हिडिओ गेमच्या डबिंगमध्ये तर चित्रही नसतं. तक्त्यातल्या सुट्या ओळी, आणि मार खाण्याच्या, पडण्याच्या, मरण्याच्या किंकाळ्या. त्या शेवटी घ्या म्हणून सांगा, लाजू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या गेम-कलाकारांनी संप केला, त्यात घशावरचा हा ताण कमी करा ही मागणीही होती.

दोन दिवसांत आवाज घडवून देणाऱ्या शिबिरांवर माझा काडीचा विश्वास नाही. बालनाट्याच्या तालमीत मागच्या रांगेपर्यंत न ओरडता पोचायला शिकवणाऱ्या ताईंनी मला जास्त दिलं. त्यांचं मी वेळेवर ऐकलं नाही, ही चूक माझी.

घाबरू मात्र नका. माझ्या गाठी शस्त्रक्रियेशिवाय गेल्या, स्पीच थेरपीने. आता झगडा आहे तो हिंदीशी. आपला ‘पैसा’ तिथे ‘पइसा’ ऐकू येतो, ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ करावं लागतं. आणि ‘चमचा’ आला की टेकआधी मी तो अजूनही एकदा हळूच म्हणून बघते.