औंदाची दिवाळी भेटवस्तूंविना: कसं जमवायचं?

दिवाळीत भेटवस्तू द्यायच्या-घ्यायच्या नाहीत, हे वसुबारसेला सांगून उपयोग नाही. तोवर आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडवरनं पिशव्या भरून घरी आलेल्या असतात. दसऱ्याला सांगा. दसरा चौकात सोनं लुटून झालं की आपट्याची पानं घेऊन आपण घरोघरी जातोच, आणि लक्ष्मीपूजनाला अजून विसेक दिवस असतात.

"औंदा भेटवस्तू नको बरं का, पण फराळाला यायचंच." एवढंच बोला. पर्यावरण, महागाई, हप्ते असलं काही काढू नका. समोरच्याला वाटतं, हा आपल्यालाच शिकवायला लागला. थोरल्यांना समोर जाऊन सांगा. ग्रुपवरचा मेसेज काकींना रुसायला पुरेसा असतो.

मग यादी करा. कामवाल्या मावशी, वॉचमन, घंटागाडीवाले यांच्या पोस्तीला हात लावायचा नाही. तो त्यांचा हक्क आहे, उलट जमलं तर वाढवा. शेजारचा फराळाचा डबाही राहू द्या. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. चकलीच्या बदल्यात चिवडा गेला तर कुणाचं बिघडत नाही. काट मारायची ती रिबीन बांधलेल्या सुकामेव्याच्या बॉक्सवर. तो न उघडताच चार घरं फिरतो, आणि पाचव्या घरात आधी तारीख बघतात.

भाऊबीज अवघड. साडी, ड्रेस, मोबाईल यांची चढाओढ थांबवायची तर सगळ्या भावंडांनी आधीच एक रक्कम ठरवावी. तबकात सगळ्यांचं पाकीट सारखं, आणि सगळे एकाच बहिणीकडं जेवायला. पहिल्या दिवाळसणाला मात्र जावयानंच तोंड उघडावं. सासऱ्यानं ते बोलणं शोभत नाही.

पोरांना नुसतं 'नाही' म्हटलं तर ती ऐकायची नाहीत. त्यांना किल्ल्याला लावा. दगड, विटा, जुनं पोतं, वर मातीचा चिखल. त्यावर चार-पाच दिवस आधी हळीव टाकून रोज पाणी शिंपडलं की नरकचतुर्दशीपर्यंत गड हिरवा होतो. मावळे गेल्या वर्षीचेच चालतात, मान तुटली असेल तर फेव्हिकॉल आहे. पाडव्याला त्यांना पंचगंगा घाटावर न्या. शिंगं रंगवलेल्या म्हशी मालकाच्या मोटरसायकलमागं पळताना बघायला पैसे पडत नाहीत.

एवढं करूनही कुणीतरी बॉक्स घेऊन येणारच. घ्या, तिथंच उघडा, चहाबरोबर सगळ्यांना वाटा. परतफेडीला मात्र दुसऱ्या दिवशी पळू नका. पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला गेलात की पुन्हा सांगा.